दिवाळी अंक आणि सुट्टीतलं वाचन : ठाणे-नवी मुंबईकर, यंदा काय घेताय?

मासुंदाकाठ | १० ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

दरवर्षी हा धागा कुणीतरी काढतं आणि मी नुसती वाचत बसते. यंदा मीच काढते, कारण पोटात अपराध आहे.

गेल्या दिवाळीत तलावपाळीवरून परत येताना मोहात पडून सात अंक घेतले. वाचला दीड. उरलेले साडेपाच संक्रांतीपर्यंत टीपॉयखाली, शिमग्यापर्यंत कपाटावर आणि परवा दसऱ्याच्या साफसफाईत थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर. त्याने दिलेल्या पैशांत आपट्याची पानं आली. सोनं देऊन सोनं घेतलं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

यंदा लक्ष्मीपूजन २१ला आहे, म्हणजे दहा-अकरा दिवस हातात आहेत. बजेट दोन हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. घरातले वाचक असे:

मी. कथा-कादंबरी, आत्मचरित्र चालतं. यशाचे मंत्र आणि मुलाखतीत स्वतःचीच आरती ओवाळणारे लोक नकोत.
सासूबाई, वय ७४. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, बारीक टाइप चालणार नाही. मात्र वाचनाची भूक माझ्या दुप्पट.
मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यम. मराठी वाचतो, पण ओठ हलवत.
नवरा. वार्षिक भविष्य वाचतो, तेही स्वतःच्याच राशीचं.

राहायला कोलशेत रोड, माहेर नौपाडा. अंक सुचवा, पुस्तकंही सुचवा. नाताळच्या सुट्टीपर्यंत पुरतील अशी.

ट्रान्सहार्बर | १० ऑक्टोबर, रात्री ११.०५

ताई, गणित सोपं आहे. बरे म्हणावेत असे अंक आता तीनशे-चारशेच्या पुढे गेलेत. दोन हजारांत पाच आले तर नशीब. त्यामुळे 'एक कथांचा, एक विषयाचा, एक मुलांचा' असं धरून चाला. कथांसाठी 'मौज'. एकच विषय धरून माणसांना लिहितं करणारा हवा असेल तर 'ऋतुरंग'. मुलाचं नेरुळच्या मावशी सांगतीलच, त्यांच्या आधी बोलायची माझी हिंमत नाही.

बाकी पुस्तकांची ताजी बातमी काल आलीच. साहित्याचं नोबेल हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोरकईंना. मी त्यांचं एक पुस्तक मागे इंग्रजीतून सुरू केलं होतं. ऐरोलीला गाडीत उघडलं तर ठाणं आलं तरी पहिलं वाक्य चालूच. पनवेल लोकलला बसलो असतो तर कदाचित पूर्णविराम भेटला असता.

कोपरी पूल | ११ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

सुप्रभात. दरवर्षीचंच रडगाणं गातो, राग मानू नका. गेल्या वर्षी घेतलेल्या एका अंकात (नाव घेत नाही) मी पानं मोजली होती. कव्हर उघडलं की सोनार, मग बिल्डर, मग पतपेढी, मग मसाले, मग 'हार्दिक शुभेच्छा' देणारे हात जोडलेले चेहरे. पहिली कथा आली तेव्हा माझा चहा संपून कप विसळून झाला होता. आणि कथा कसली, मध्यमवर्गीय बाई गॅलरीत उभी राहून पाऊस बघते. तीनशे रुपये देऊन मी बाईला गॅलरीत का बघू? आमच्या समोरच फ्लॅट आहे.

घंटाळीकर आजोबा | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

कोपरी, तुमचा राग समजला, पण जाहिरात हा दिवाळी अंकाला नंतर जडलेला रोग आहे असं समजू नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो विलायतेतल्या नाताळच्या विशेष अंकांचा नमुना समोर ठेवून. सणाला लोक खर्च करतात, त्या खर्चात वाचनाचाही वाटा असावा, ही कल्पना मुळातच व्यापाराच्या शेजारी बसलेली आहे. (मित्र हे मूळचे आजगावकर बरं का. बंगालीचा इतका नाद की आडनावच बदललं.) अंक जगले ते जाहिरातींवरच. प्रश्न जाहिराती आहेत का हा नसून मधल्या पानांत काय आहे, हा आहे.

आमच्या लहानपणी घरात 'दीपावली' यायचा तो दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी. आई आधी कव्हर बघायची, मग अनुक्रमणिका. आणि 'आवाज' वडील कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचे, कारण आत खिडक्या. कागदी खिडकी उघडायच्या आधी एक चित्र, उघडल्यावर भलतंच. आम्ही तिघे भाऊ स्टुलावर डबा, डब्यावर पाट ठेवून तिथपर्यंत पोचलो होतो. उतरताना काय झालं ते विचारू नका, हनुवटीवर टाके अजून आहेत.

मासुंदाताई, तुम्ही माहेरच्या नौपाड्याच्या ना? मग विकत कशाला घेताय सगळं? आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं आहे, मुंबईच्याच्या आधी पाच वर्षं. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. इतकी वर्षं गावात पुस्तकं फुकटात म्हणावीत अशी मिळतायत आणि आपण रद्दीवाल्याला अंक घालतोय.

कोपरी पूल | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

आजोबा, खिडक्यांवर मी काही बोललो नाही. खिडक्या चालतील. गॅलरी नको.

नेरुळची मावशी | ११ ऑक्टोबर, दुपारी २.३०

शाळेला सुट्टी लागायची आहे, पेपरांचा गठ्ठा समोर आहे, तरी मुलाचा विषय निघाला म्हणून लिहिते.

मासुंदा, ओठ हलवत वाचतो यात काही बिघडलेलं नाही. त्याला शब्द कानाने ओळखायची सवय आहे, डोळ्याने अजून नाही. इंग्रजी माध्यमातली निम्मी मुलं अशीच वाचतात. त्याच्या हातात तीनशे पानी कादंबरी दिलीस तर संपलं सगळं. आधी छोटे तुकडे दे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. त्याचा दिवाळी अंक घेच. शिवाय जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेत, अगदी पहिल्या वर्षापासूनचे. माझ्या वर्गात आम्ही दर शुक्रवारी त्यातली एक गोष्ट मोठ्या पडद्यावर लावतो आणि एकेक परिच्छेद एकेकाने वाचायचा. सत्तरच्या दशकातली चित्रं बघून पोरं हसतात आणि हसता हसता वाचतात. 'साधना'चा बालकुमार अंकही घे, तो पातळ असतो आणि मुलांना बावळट समजत नाही. ही शेवटची गोष्ट मुलांच्या अंकांत फार दुर्मीळ.

पुस्तकांत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, पण पहिलं प्रकरण तू वाचून दाखव. बन्या, म्हणजे फेणेच, सायकलवर बसेपर्यंत तग धरला की पुढे तो स्वतः पळवतो. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याहून सोपा, भाषा आजची वाटते. आणि माधुरी पुरंदऱ्यांचं 'वाचू आनंदे' घरात असूच दे. ते सरळ वाचायचं पुस्तक नव्हे, कुठूनही उघडायचं. त्यात मराठीतल्या नव्याजुन्या लेखकांचे वेचे आहेत आणि सोबत चित्रं. मुलासाठी आणशील आणि तूच घेऊन बसशील.

एक सूचना. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, शाळा पुस्तकाबरोबर फोटो मागेल. फोटोपुरतं पुस्तक त्याच्या हातात देऊ नकोस. मुलांना ते बरोबर कळतं.

साडेबारा टक्के | ११ ऑक्टोबर, रात्री ९.१०

अंकांचं मला कळत नाही, मी कादंबरीवाला. सातारच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील होणार हे कळल्यावर आमच्या ग्रुपवर सगळे 'पानिपत'वर तुटून पडले. मी म्हटलं, 'झाडाझडती' काढा आधी. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला आहे, तरी आजच्या पोरांना नाव माहीत नाही.

मी घणसोली गावठाणातला. युजरनेम बघून नवी मुंबईबाहेरच्यांना बँकेचा व्याजदर वाटतो, इथल्यांना कळतं : शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के परत द्यायची योजना. 'झाडाझडती' मी कॉलेजात असताना वाचली. धरणात गाव उठतं, कागद या टेबलावरून त्या टेबलावर, मोबदला येतो तो तुकड्या-तुकड्याने, आणि मधल्या वर्षांत माणसं म्हातारी होतात. मी वाचत होतो आणि आजी बाजूला मासे साफ करत होती. तिला दोन पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, ह्यांच्याकडे पाणी आलं, आपल्याकडे शहर आलं. पुन्हा माश्यांकडे वळली.

आता ताज्यातली सांगतो. कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ चा अकादमी पुरस्कार. तीही धरणाने उठवलेल्या माणसांची, पण हिशेब वेगळा. गाव हलवताना मागे राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जातो. एवढंच. पण ती म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. 'झाडाझडती'त व्यवस्था दिसते, 'रिंगाण'मध्ये जनावर दिसतं आणि माणसाचं जनावर होणंही. दोन्ही पाठोपाठ वाचा. भाषा कोल्हापूरकडची आहे, पहिली वीस पानं अडखळायला होईल, सोडू नका.

सुट्टीत हलकंफुलकं हवं असेल तर ही नाहीत, आधीच सांगतो. फराळाबरोबर जात नाहीत.

मासुंदाकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री १०.००

आजीचं वाक्य वाचून थांबले. 'रिंगाण' यादीत घातलं.

मावशी, फोटोचं अगदी खरं आहे. गेल्या वर्षी मी शब्दकोश दिला होता हातात, जाड दिसतो म्हणून. शिक्षा मान्य.

पुस्तकप्रेमी ००७ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

ज्यांना यंदाचे सगळे अंक पीडीएफमध्ये पाहिजेत त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ग्रुप आहे. पाडव्यापर्यंत पन्नासेक येतील. फुकट.

फर्मा नंबर १६ | १२ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

हा धागा मी दरवर्षी नुसता वाचतो. वरची पोस्ट बघून लिहितोय, लांबेल.

तीस वर्षं छापखान्यात गेली, आता कळव्याला निवृत्त आहे. दिवाळी अंक कसा होतो ते सांगतो. एप्रिल-मेमध्ये संपादक लेखकांना पत्रं टाकतो. मजकूर जुलैअखेर यायला हवा, येतो गणपतीच्या तोंडावर. मग डीटीपी, पहिलं मुद्रित (प्रूफ), दुसरं मुद्रित, चित्रकाराकडून चित्रं. हे सगळं चालू असताना दुसरा एक माणूस जाहिरातींसाठी दारोदार फिरत असतो, आणि छोट्या अंकांत हा दुसरा माणूस म्हणजे संपादकच असतो. अंक छापला जातो फर्म्यात. सोळा पानांचा एक फर्मा धरा, २४० पानं म्हणजे पंधरा फर्मे. भरवशाची जाहिरात शेवटच्या आठवड्यात मागे गेली की संपादकाचा फोन येतो, "एक फर्मा कमी करा." म्हणजे सोळा पानं गेली. ती जाहिरातींची नाही जात, कोपरीसाहेब, ती मजकुराची जातात. एका वर्षी एक अख्खी दीर्घकथा अशी उडालेली मी बघितली आहे. प्लेट तयार होती. लेखकाला काय सांगितलं असेल देव जाणे.

आता यंदाचं. २२ सप्टेंबरपासून कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांच्या कागदाला सूट मिळाली, छपाईच्या कागदाला नाही. लोक म्हणतात पुस्तकावर तर जीएसटी नाहीच, मग काय बिघडलं? तिथेच गोम आहे. विक्रीवर कर नाही म्हणूनच कागदावर भरलेला कर वजा करून मिळत नाही. तो सगळा किमतीत बसतो नाहीतर प्रकाशकाच्या खिशातून जातो. ज्यांनी ऑगस्टमध्ये कागद उचलला ते वाचले.

दुसरा फटका टपालाचा. रजिस्टर्ड बुक पोस्ट १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झालं. गडचिरोलीच्या किंवा लातूरच्या खेड्यातल्या वर्गणीदाराला त्या स्वस्त दरात पुस्तक जायचं, पोच मिळायची. आता बहुतेकदा पार्सल किंवा कुरिअर. काही वेळा पाठवणावळ अंकाच्या किमतीला भिडते. माझ्या ओळखीच्या एका संपादकाने बाहेरगावच्या वर्गणीदारांना सरळ लिहिलं की तुमच्या गावचं कुणी मुंबईला येत असेल तर हाती पाठवतो.

एवढं सगळं करून अंक निघतो, आणि ००७ महाशय पाडव्यापर्यंत पन्नास पीडीएफ देणार. फुकट म्हणे. फुकट नाही ते, बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलंय.

पुस्तकप्रेमी ००७ | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

काका, चिडू नका. वाचनसंस्कृती वाढावी हाच हेतू.

घंटाळीकर आजोबा | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.५५

दुकानातून साडी उचलून नेणाऱ्याचा हेतूही वस्त्रसंस्कृतीचाच असतो.

ट्रान्सहार्बर | १२ ऑक्टोबर, दुपारी १.१५

फुकट आणि कायदेशीर दोन्ही हवं असेल तर 'ऐसी अक्षरे'चा दिवाळी अंक दर वर्षी ऑनलाइन असतो, 'साधना'चे जुने अंकही वाचायला मिळतात. पीडीएफचा ग्रुप कशाला?

फर्माकाका, हे तुम्ही इतकी वर्षं का लिहिलं नाहीत?

फर्मा नंबर १६ | १२ ऑक्टोबर, दुपारी १.४०

मुद्रितं तपासणाऱ्याला स्वतः लिहायची भीती असते. वर एक चूक राहिली आहे, मला आत्ता दिसली. कुणी काढून दाखवू नका.

खाडीपलीकडची | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

मासुंदाताई, तुमच्या दोन हजारांवर आमच्याकडे उपाय आहे. वाशीत आमच्या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं चालू आहे, एवढ्या भांडणांनंतरही.

दहा घरं. प्रत्येकाने दोन अंक विकत घ्यायचे. नवरात्रात यादी ठरवायची, म्हणजे चार जणांनी तोच अंक आणला असं होत नाही. असे वीस अंक. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी खाली मंडपात सगळे मांडायचे आणि अदलाबदल. मग दर रविवारी. एका घरी एक अंक आठवडाभर, फार तर दोन. वहीत सही. होळीपर्यंत वीसचे वीस सगळ्यांकडून फिरून येतात आणि शेवटी ज्याचा त्याला परत. परत नको असेल तर तो वॉचमनच्या मुलीला, ती बारावीला आहे, ती सगळे वाचते. खरं तर आमच्यातली सर्वात नेटाने वाचणारी तीच.

आता भांडणं. पहिल्या वर्षी एका अंकावर आमटीचा डाग पडला. कुणी कबूल होईना. डाग चिंचगुळाच्या आमटीचा की साध्या वरणाचा यावर चर्चा होऊन गुन्हेगार शोधला गेला, कारण चिंचगुळाची आमटी एकाच घरी होते. तेव्हापासून खाताना अंक वाचायचा नाही हा नियम. दुसरं भांडण शब्दकोड्याचं. एकाने पेनने सोडवलं, तेही चूक. आता कोड्याची झेरॉक्स काढून ठेवतो. तिसरं, भविष्याची पानं कुणीतरी कापून ठेवायचं. ते कोण हे नऊ वर्षांत कळलं नाही.

निवडीचं म्हणाल तर वीसात सगळं मिसळून घ्या. दोन-तीन वाङ्मयीन (मौज, अक्षर, मुक्त शब्द), दोन विनोदी (आवाज, जत्रा), एक धनंजय, कारण रहस्यकथा आणि भुताटकीवाले सगळीकडे असतात, फक्त कबूल होत नाहीत. एक नवल किंवा हंस. बायकांचे दोन, मुलांचे तीन. एक ज्योतिषाचा घ्यावाच लागतो. तो सर्वात जास्त फिरतो.

फर्मा नंबर १६ | १२ ऑक्टोबर, रात्री ८.१०

वाशीच्या बाई, योजना सुरेख आहे, पण माझ्या पोटात थोडं दुखतंय. दहा घरांनी दहा 'मौज' घेतले असते, तुमच्यामुळे एकच घेतला. नऊ गेले.

खाडीपलीकडची | १२ ऑक्टोबर, रात्री ८.४०

काका, हिशेब उलटा करून बघा. योजनेच्या आधी आमच्या दहा घरांत मिळून अंक किती यायचे माहीत आहे? चार. त्यातले दोन बँकेने दिलेले. आता वीस येतात. आणि जोशीकाकूंनी फिरत्या अंकात एका लेखकाची कथा वाचून त्याची तीन पुस्तकं घेतली.

फर्मा नंबर १६ | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५५

तरी नऊ 'मौज'.

बरं, बरं. विकत घेऊन वाटताय, चोरून नाही. चालू द्या.

मासुंदाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

रात्रीच आमच्या टॉवरच्या ग्रुपवर टाकलं. १४४ फ्लॅट. १३९ जणांनी वाचलं, सात जणांनी अंगठा दिला, एकाने "गुड इनिशिएटिव्ह" लिहून लगेच पार्किंगचा विषय काढला. सात घरं तर सात घरं. करतेच.

आता सासूबाईंचं सांगा. टाइपचा प्रश्न खरा आहे.

नेरुळची मावशी | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

अंक विकत घेण्याआधी मधलं पान उघडून बघ, कव्हर नव्हे. दोन कॉलम असलेले टाळ, एका कॉलमवाल्यात टाइप जरा मोठा असतो. चकचकीत आर्ट पेपरही नको, ऑपरेशननंतर दिव्याची तिरीप त्रास देते. पिवळसर, खरखरीत कागद डोळ्याला बरा.

आणि ऐकायची सवय असेल तर स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे. माझ्या आईने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चौथ्यांदा "वाचली" ती कानाने, वाटाणे सोलत.

घंटाळीकर आजोबा | १३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

७४ वर्षांच्या बाईंना जयवंत दळवी द्या, दुसरं काही शोधू नका. १४ ऑगस्ट १९२५ चा जन्म, म्हणजे शताब्दी याच वर्षी झाली. 'सारे प्रवासी घडीचे' द्या. प्रकरणं सुटी-सुटी आहेत, एका बैठकीला एक माणूस वाचून होतो. कोकणातल्या गावातली ती माणसं हसवता हसवता केव्हा घशात अडकतात कळत नाही. 'ललित' मासिकात हेच दळवी 'ठणठणपाळ' नावाने लेखकांची टोपी उडवायचे, आणि वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला रूप दिलं होतं. तेव्हाचे लेखक म्हणे महिन्याच्या सुरुवातीला धास्तावून 'ललित' उघडायचे. आता कुणी कुणाची टोपी उडवली तर दुसऱ्या दिवशी निवेदन निघतं.

कोपरी पूल | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१०

शताब्दी म्हणताय तर नारायण धारपही त्याच ऑगस्टातले, २७ ऑगस्ट १९२५. त्यांच्यासाठी कुणी दिवा लावला? 'समर्थ' या त्यांच्या नायकाच्या कथा, 'लुचाई'. मी आठवीत 'लुचाई' वाचली आणि कोपरीत रात्री दिवे गेले. पुढचं सांगत नाही. भयकथा म्हटली की आपले समीक्षक नाकाला रुमाल लावतात, पण वाचनालयात सर्वात फाटलेली पुस्तकं कुणाची असतात ते बघा.

ट्रान्सहार्बर | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

कोपरीसाहेब गॅलरीवाल्या बाईला नावं ठेवत होते, आता कळलं यांना गॅलरीत कोण हवंय.

माझी भर: मारुती चितमपल्ली. जूनमध्ये गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' कुठलंही घ्या. ऐरोलीच्या खाडीत आणखी महिना-दीड महिन्यात रोहित पक्षी यायला लागतील. मी दर वर्षी गाडीतून गुलाबी ठिपके बघायचो आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचो. चितमपल्ली वाचल्यापासून एका रविवारी मुद्दाम उतरलो. पक्ष्यांना आपल्याकडे किती नावं होती आणि आपण सगळ्यांना 'फ्लेमिंगो' करून टाकलंय.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'ही याच दिवसांत काढा. महिन्या-महिन्याचं लिहिलेलं आहे. आश्विन आश्विनातच वाचायचा, मग पुस्तक मिटून ठेवायचं ते कार्तिक लागेपर्यंत. मला जमलेलं नाही, मी पौषापर्यंत सलग गेलो.

साडेबारा टक्के | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

चितमपल्लींना +१. आमच्या इथे एकेका खाडीपक्ष्याला आगरी नाव होतं. आजीबरोबर गेली. कुणी लिहून ठेवली असतील तर पुस्तक सांगा, दिवाळी अंकांचे सगळे पैसे तिकडे देतो.

मासुंदाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

अंतिम यादी: मौज, धनंजय, किशोर, साधना बालकुमार. पुस्तकं 'रिंगाण' आणि 'सारे प्रवासी घडीचे'. दोन हजारांच्या आत बसलं, अठ्ठेचाळीस रुपये उरले. त्यात आकाशकंदिलाची शेपटी आली.

वाचन प्रेरणा दिनाचा फोटो मुलाने 'किशोर'च्या जुन्या अंकाबरोबर दिला, मोबाइलच्या स्क्रीनवर. बाईंनी विचारलं पुस्तक कुठाय. वाद घालून आला म्हणे. मी खूश.

मासुंदाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

अहवाल. आज पहिली अदलाबदल झाली, लॉबीत, फराळाच्या उरलेल्या चिवड्यासह (लांब ठेवला होता, वाशीचा नियम). सातची नऊ घरं झाली. अठरा अंक. एक काका 'मी वाचत नाही, पण आमच्या हिचं आहे' म्हणत आले आणि 'जत्रा' घेऊन कोपऱ्यात बसले ते लिफ्ट बंद पडल्याचं कळायलाही उठले नाहीत.

'रिंगाण' चाळीस पानं झालं. साडेबारा, वीस पानांचं तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मला पंचवीस लागली.

सासूबाईंसाठी दळवी आणले होते. त्यांनी आधी 'धनंजय' उचलला. नातवाला शेजारी बसवून त्याच्याकडून एक कथा मोठ्याने वाचून घेतली, माझे डोळे दुखतात म्हणून. तो अडखळला की पुढचा शब्द बरोबर सांगत होत्या. डोळे दुखत नाहीत, हे त्याला अजून कळलेलं नाही. काल रात्री दोघांनीही पॅसेजमधला दिवा चालू ठेवायला सांगितलं.

कोपरी पूल | २६ ऑक्टोबर, रात्री ९.५५

धनंजय? आजींना माझा नमस्कार सांगा.

नऊ घरं म्हणताय. दहाव्याची जागा आहे का? मी तुमच्या टॉवरमध्ये राहत नाही, पण रविवारी स्कूटरवरून येऊ शकतो. माझ्याकडे 'आवाज' आहे, खिडक्या शाबूत. दुसरा अंक भविष्याचा आहे, बायकोने घेतला, चालेल का?

मासुंदाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री १०.०२

या. भविष्याचा नक्की आणा, नवरा तीन दिवस विचारतोय. फक्त कात्री घरी ठेवा.

खाडीपलीकडची | २६ ऑक्टोबर, रात्री १०.०६

थांबा. कोपरी पूल, तुमची मेहुणी वाशीत आमच्या बिल्डिंगमध्ये तर राहत नाही ना?